डेटाबेसमधून फाइल आणि स्प्रेडशीटमध्ये डेटा काढणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेबलातला डेटा सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी मूल्यं वेगळी केलेल्या मजकुराच्या फाइलीत) किंवा एक्सेलमध्ये काढून देणं हे काम पाच मिनिटांचं वाटतं, आणि बरेचदा असतंही. उरलेल्या वेळी शून्यं गळतात, तारखांचे महिने बदलतात, मराठी नावांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. मग "एक्सपोर्ट चुकलं" अशी तक्रार येते. यातल्या बहुतेक तक्रारींत डेटाबेसने लिहिलेली फाइल बरोबर असते आणि ती बिघडते उघडताना. म्हणून खालचं काहीही वाचण्याआधी ती फाइल नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये उघडून पाहा. तिथे नीट दिसत असेल, तर डेटाबेसच्या मागे लागू नका.

उत्तरं सुटी वाचता येतील अशी लिहिली आहेत. जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दर आठवड्याला सगळी टेबलं सीएसव्हीत काढून ठेवली, तर वेगळ्या बॅकअपची गरज उरते का?

उरते. सीएसव्हीत फक्त मूल्यं जातात. कॉलमचा प्रकार, प्रायमरी की, फॉरेन की, इंडेक्स, ट्रिगर, व्ह्यू (नाव देऊन ठेवलेली क्वेरी) यांपैकी काहीच जात नाही. शिवाय टेबलं एकामागून एक काढली, तर मधल्या वेळेत नवी नोंद पडून दोन फाइलींचा मेळ बिघडू शकतो (प्रश्न १५). बॅकअपसाठी त्या त्या डेटाबेसचं स्वतःचं साधन वापरा. पोस्टग्रेसचं पीजी डंप सुरुवातीच्या क्षणाचं सुसंगत चित्र धरून ठेवतं. मायएसक्यूएल डंपला इनोडीबी (मायएसक्यूएलची नेहमीची साठवण पद्धत) टेबलांसाठी 'सिंगल ट्रान्झॅक्शन' हा पर्याय द्यावा लागतो. एक्सपोर्ट दुसऱ्याला वाचायला देण्यासाठी असतं आणि बॅकअप स्वतःला परत उभं राहण्यासाठी.

२. सीएसव्ही, एक्सएलएसएक्स, जेसन, पार्के... नक्की कोणत्या स्वरूपात काढू?

फाइल कोण उघडणार आहे, यावर ठरवा. माणूस एक्सेलमध्ये उघडणार असेल, तर थेट एक्सएलएसएक्स द्या. ती आतून एक्सएमएल फाइलींची झिप असते आणि प्रत्येक सेलचा प्रकार तिच्यात नोंदलेला असतो. त्यामुळे प्रश्न ६ ते ९ मधली निम्मी डोकेदुखी उद्भवतच नाही. दुसरा प्रोग्राम वाचणार असेल आणि डेटा सपाट असेल, तर सीएसव्ही पुरते. ती सगळीकडे चालते आणि ओळीओळीने वाचता येते. एका नोंदीच्या पोटात दुसऱ्या नोंदी असतील, तर जेसन. विश्लेषणासाठी कोट्यवधी ओळी द्यायच्या असतील, तर पार्के. त्यात डेटा कॉलमनिहाय दाबून साठवलेला असतो आणि प्रकार शाबूत राहतात, पण डबल क्लिक करून स्प्रेडशीटमध्ये उघडण्यासारखी ती फाइल नव्हे.

सीएसव्ही म्हणजे "एक्सेलची फाइल" हा समज मात्र काढून टाका. ती निव्वळ मजकुराची फाइल आहे. एक्सेल तिच्यातल्या प्रत्येक मूल्याबद्दल स्वतःचा अंदाज बांधतं, आणि पुढची अर्धी उत्तरं त्या अंदाजांबद्दलच आहेत.

३. एखादं टेबल किंवा क्वेरीचा निकाल सीएसव्हीत काढायची सर्वांत सोपी पद्धत कोणती?

पोस्टग्रेसमध्ये पीएसक्यूएल या कमांड लाइनवरच्या क्लायंटमधली '\कॉपी' ही आज्ञा. कंसात क्वेरी, पुढे फाइलचं नाव, शेवटी सीएसव्ही आणि हेडर हे पर्याय. ही आज्ञा एकाच ओळीत लिहावी लागते. क्वेरी लांबलचक असेल, तर तिचा तात्पुरता व्ह्यू करून घ्या. आवृत्ती १२ पासून पीएसक्यूएल सुरू करतानाच सीएसव्हीचा पर्याय देता येतो.

मायएसक्यूएलमध्ये 'सिलेक्ट इन्टू आउटफाइल' आहे, पण ते कॉलमची नावं लिहीत नाही आणि फाइल सर्व्हरवर टाकतं (प्रश्न ४). कमांड लाइनवरचा क्लायंट बॅच पद्धतीने चालवला, तर नावांसकट टॅबने वेगळा केलेला निकाल मिळतो. बहुतेक कामांना तो पुरतो.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये बीसीपी हे कमांड लाइनवरचं साधन वेगवान आहे, मात्र ते कॉलमची नावंही देत नाही आणि मजकुराला अवतरणचिन्हंही लावत नाही. कधीमधी लागणाऱ्या कामाला मॅनेजमेंट स्टुडिओतला एक्सपोर्ट विझार्ड बरा. ओरॅकलच्या एसक्यूएल प्लसमध्ये आवृत्ती १२.२ पासून 'सेट मार्कअप सीएसव्ही ऑन' आलं. त्याआधीची, दोन कॉलमांमध्ये हाताने स्वल्पविराम जोडण्याची पद्धत अजून जुन्या स्क्रिप्टमध्ये दिसते. दिसली की बदला. एसक्यूलाइटमध्ये मोड सीएसव्ही करा, हेडर चालू करा आणि आउटपुटला फाइलचं नाव द्या.

४. आज्ञा यशस्वी झाली असं दाखवतंय, पण फाइल माझ्या संगणकावर कुठेच नाही. गेली कुठे?

सर्व्हरवर. पोस्टग्रेसची साधी 'कॉपी' आणि मायएसक्यूएलचं 'इन्टू आउटफाइल' ही कामं डेटाबेस सर्व्हरची प्रोसेस करते. म्हणून दिलेला पत्ताही सर्व्हरच्या डिस्कवरचा धरला जातो. त्यासाठी अधिकारही लागतात. पोस्टग्रेसमध्ये सुपरयूझर किंवा सर्व्हरवर फाइल लिहिण्याची खास भूमिका हवी. मायएसक्यूएलमध्ये 'फाइल' अधिकार हवा, आणि 'सिक्युअर फाइल प्रिव्ह' या सेटिंगमध्ये जो फोल्डर नेमला असेल त्यातच लिहिता येतं. त्या सेटिंगची किंमत नल (म्हणजे मूल्यच नाही) असेल, तर ही सोय पूर्ण बंद असते. त्याच नावाची फाइल आधीपासून असेल, तर मायएसक्यूएल ती पुसून लिहीत नाही, सरळ चूक दाखवतं.

डेटाबेस भाड्याच्या क्लाउडवर असेल, तर सर्व्हरच्या डिस्कपर्यंत तुमचा हात पोचतच नाही. तेव्हा क्लायंटकडून चालणारी पद्धत धरा: पोस्टग्रेसमध्ये '\कॉपी', मायएसक्यूएलमध्ये क्लायंटचा निकाल फाइलकडे वळवणं.

५. टेबलात लाखो ओळी आहेत, फाइलमध्ये मात्र एक हजारच आल्या.

तुम्ही टेबल एक्सपोर्ट केलं नाही, पडद्यावरची जाळी एक्सपोर्ट केली. मायएसक्यूएल वर्कबेंच मुळातच प्रत्येक क्वेरीला १००० ओळींची मर्यादा लावतं आणि जाळीत जेवढं आलं तेवढंच फाइलमध्ये देतं. इतर साधनांतही अशाच मर्यादा असतात, आकडे वेगळे. ती मर्यादा काढा किंवा त्या साधनातलं स्वतंत्र एक्सपोर्ट वापरा. ओळींची संख्या पुरेपूर गोल आली, म्हणजे नेमकी १००० किंवा ५०००, की आधी हाच संशय घ्या.

६. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. डेटाबेसमध्ये तर सगळं नीट दिसतं.

आधी चिन्हं नीट बघा, रोगाचं निदान त्यातच असतं.

एकेका मराठी अक्षराच्या जागी तीन-तीन लॅटिन चिन्हं दिसत असतील, तर डेटा सुखरूप आहे. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांचं असतं, आणि एक्सेलने ते तीन बाइट तीन वेगवेगळी अक्षरं म्हणून वाचले आहेत. सीएसव्हीवर डबल क्लिक केलं की विंडोजवरचं एक्सेल फाइलच्या सुरुवातीला ओळखखूण शोधतं आणि ती नसेल, तर संगणकाच्या जुन्या कोडपेजने (अक्षरसंचाने) फाइल वाचतं. ही खूण म्हणजे बीओएम, सुरुवातीचे तीन अदृश्य बाइट. उपाय दोन. फाइल लिहितानाच "बीओएमसह यूटीएफ-८" निवडा. नाहीतर एक्सेलमध्ये डेटा मेनूतल्या 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही'ने फाइल आत घ्या आणि एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ सांगा. लिब्रेऑफिस कॅल्क उघडतानाच एन्कोडिंग विचारतं. त्या खिडकीत न वाचता ओके दाबू नका, एवढंच.

अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं असतील, तर प्रकरण गंभीर आहे. वाटेत कुठेतरी ज्या संचात देवनागरी बसतच नाही अशा संचात रूपांतर झालं आणि मूळ अक्षर फाइलमधून नाहीसं झालं. अशा फाइलची दुरुस्ती होत नाही. जोडणीचा कॅरेक्टर सेट बदलून नव्याने एक्सपोर्ट करा. एसक्यूएल सर्व्हरच्या बीसीपीला यासाठी युनिकोडचा पर्याय द्यावा लागतो.

मराठी नीट येते पण इमोजींची प्रश्नचिन्हं होतात, असं असेल तर मायएसक्यूएलच्या जोडणीवर 'यूटीएफ८' आहे का बघा. नाव फसवं आहे. तो संच तीनच बाइटांपर्यंत जातो आणि इमोजीला चार लागतात. 'यूटीएफ८एमबी४' वापरा.

बीओएमचा एक तोटाही सांगून ठेवतो. फाइल एखादी स्क्रिप्ट वाचणार असेल, तर पहिल्या कॉलमच्या नावाला ते अदृश्य बाइट चिकटतात आणि "हा कॉलम सापडत नाही" अशी चूक येते. कॉलम डोळ्यांसमोर दिसत असतो, म्हणून ही चूक माणसाला तासभर छळते. म्हणून माणसासाठी बीओएमसह, यंत्रासाठी बीओएमविना.

७. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गेली, आणि लांब क्रमांक तर विचित्र घातांकात दिसतोय. परत कसे आणू?

यातली एक गोष्ट फक्त दिसण्यापुरती आहे, दोन खऱ्या नुकसानीच्या.

बारा किंवा जास्त आकडी संख्या एक्सेल घातांकात दाखवतं. सेलचं स्वरूप बदललं की ती पूर्ण दिसते. हे फक्त दिसणं. पण एक्सेल संख्येचे १५ च सार्थ अंक सांभाळतं. सोळा आकडी कार्ड क्रमांक असेल, तर शेवटचा अंक शून्य होतो. एकोणीस आकडी आयडी असेल, तर शेवटचे चार. सुरुवातीची शून्यंही तशीच जातात, कारण संख्येला सुरुवातीची शून्यं नसतात. मूळ सीएसव्हीत अजून सगळं आहे. मात्र एक्सेलने ती त्याच नावाने सेव्ह केली, की तिथूनही गेलं.

"मूल्याला अवतरणचिन्हं लावली तर?" असं पुष्कळ जण विचारतात. उपयोग नाही. सीएसव्हीतली अवतरणं मूल्याची हद्द सांगतात, प्रकार सांगत नाहीत. मूल्याआधी बरोबरचं चिन्ह लावून त्याला सूत्राचं रूप देण्याची युक्ती एक्सेलपुरती चालते, पण ती फाइल इतर प्रत्येक प्रोग्रामसाठी बिघडते. मी ती कधीच सुचवत नाही. खरा उपाय एकच: एक्सएलएसएक्स काढा आणि ते कॉलम मजकूर म्हणून लिहा, किंवा सीएसव्ही आत घेताना त्या कॉलमला 'टेक्स्ट' सांगा. ज्या आकड्यांची तुम्ही कधी बेरीज करणार नाही, ते आकडे मजकूरच समजा: फोन, खाते, पावती, कार्ड, पिन.

८. तारखा अर्ध्या बरोबर आणि अर्ध्या चुकीच्या का येतात?

फाइलमध्ये महिना आधी आहे आणि तुमचा संगणक दिवस आधी धरतो, किंवा उलट. ०३/०४ ही दोन्हीकडे वैध तारीख आहे, म्हणून एक्सेल ती गुपचूप उलटी वाचतं. २५/०४ मध्ये पंचविसावा महिना नसल्यामुळे ती मजकूर म्हणून पडून राहते. परिणाम असा की बाराव्या दिवसापर्यंतच्या तारखा चुकतात आणि पुढच्या बरोबर दिसतात. कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे टेकलेल्या दिसल्या, की हाच प्रकार. त्यातल्या डावीकडच्या मजकूर आहेत, आणि उजवीकडच्या, म्हणजे ज्या तारखा झाल्या, त्याच चुकलेल्या.

एक्सपोर्ट करतानाच वर्ष-महिना-दिवस या क्रमात, आयएसओ ८६०१ प्रमाणे लिहा: २०२४-०४-०३. हा क्रम दोन अर्थांनी वाचला जात नाही आणि मजकूर म्हणून लावला तरी कालक्रमानेच लागतो.

दोन अपवाद लक्षात ठेवा. एक्सेलच्या तारखा १९०० पासून सुरू होतात, त्यामुळे जुन्या दस्तांतल्या त्याआधीच्या तारखा मजकूरच राहतात. शिवाय १९०० हे लीप वर्ष नसूनही एक्सेल ते तसं मानतं. लोटस १-२-३ शी जुळवून घेण्यासाठी तो दोष मुद्दाम ठेवला गेला. दुसरं, तारीख नसलेल्या गोष्टींच्याही तारखा होतात. मार्च१, सेप्ट१ अशी जनुकांची संक्षिप्त नावं एक्सेल इतकी सातत्याने बदलत होतं, की जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये नियम बदलून त्या जनुकांची नावंच बदलली. २०२३ मध्ये एक्सेलमध्ये हे आपोआप होणारं रूपांतर बंद करण्याचे पर्याय आले. पण फाइल घेणाऱ्याने ते बंद केले असतील, या भरवशावर राहू नका.

९. सगळा डेटा एकाच कॉलममध्ये आला.

विभाजक जुळत नाही. ज्या देशांत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, तिथल्या संगणकांवर एक्सेल अर्धविरामाने वेगळी केलेली फाइल अपेक्षित धरतं. फाइल 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही'ने आत घ्या आणि विभाजक निवडा. वेगवेगळ्या देशांत जाणारी फाइल असेल, तर टॅबने वेगळी करा किंवा एक्सएलएसएक्स द्या.

१०. पत्त्यात स्वल्पविराम आहेत, शेऱ्यात लोकांनी एंटर मारले आहेत. ओळी तुटतात. काय करू?

नियम साधा आहे, आणि ऑक्टोबर २००५ मध्ये आलेल्या आरएफसी ४१८० मध्ये तो लिहिलेला आहे. मूल्यात स्वल्पविराम, अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ असेल, तर पूर्ण मूल्य दुहेरी अवतरणांत ठेवायचं. आतलं अवतरणचिन्ह दोनदा लिहायचं. सीएसव्ही लिहिणारी तयार साधनं हे आपोआप करतात. ओळ तुटते ती हाताने स्वल्पविराम जोडलेल्या स्क्रिप्टमुळे, किंवा बीसीपीसारख्या अवतरणं न लावणाऱ्या साधनामुळे. मायएसक्यूएल मुळात अवतरणांऐवजी उलट्या तिरप्या रेघेने विशेष चिन्हं झाकतं. एक्सेलला ती रीत समजत नाही, म्हणून आउटफाइल लिहिताना अवतरणांचे पर्याय स्वतः द्यावे लागतात.

घेणारा प्रोग्राम फारच भोळा असेल, तर क्वेरीतच नव्या ओळीच्या जागी मोकळी जागा घाला. मूळ शेरा मात्र त्याने बदलतो, हे समोरच्याला सांगा.

११. नल आणि रिकामा मजकूर यांत फरक राहतो का?

साधन कोणतं, त्यावर आहे. पोस्टग्रेसची सीएसव्ही हा फरक जपते: नल असेल तर काहीच नाही, रिकामा मजकूर असेल तर अवतरणांची रिकामी जोडी. मायएसक्यूएलचं आउटफाइल नलसाठी '\एन' लिहितं. एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओतून जाळी सेव्ह केली, तर चक्क नल हा शब्द उमटतो, आणि मग कुणाचं आडनाव खरंच तसं असेल तर काय, हा जुना विनोद खरा ठरतो. ओरॅकलमध्ये प्रश्नच नाही, कारण तिथे रिकामा मजकूर म्हणजे नलच.

एक्सेलमध्ये उघडल्यावर मात्र दोन्ही रिकामे सेल. म्हणून "माहिती नाही" आणि "माहिती आहे, पण काही नाही" हा भेद महत्त्वाचा असेल, तर क्वेरीतच त्यासाठी वेगळा कॉलम करा.

१२. दहा लाखांहून जास्त ओळी आहेत. एक्सेलमध्ये कशा देऊ?

एका शीटवर देता येणार नाहीत. एक्सेल २००७ पासून शीटची मर्यादा १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ कॉलम आहे. जुन्या एक्सएलएसची ६५,५३६ ओळी आणि २५६ कॉलम. गूगल शीट्स ओळी मोजत नाही, सेल मोजतं: पूर्ण फाइलमध्ये एक कोटी. म्हणजे ५० कॉलम असतील, तर दोन लाख ओळींतच फाइल भरली.

मर्यादेपलीकडची सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली, तर ते एक सूचना दाखवून जेवढ्या मावल्या तेवढ्याच ओळी ठेवतं. सूचना पुसून पुढे जाणारे पुष्कळ. आपोआप चालणाऱ्या प्रक्रियेत तर ती वाचायला कुणी नसतंच. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत असंच झालं. प्रयोगशाळांकडून आलेल्या सीएसव्ही जुन्या एक्सएलएस साच्यात भरल्या जात होत्या. साचा भरला आणि कोविडचे १५,८४१ बाधित रोजच्या आकडेवारीतून व संपर्कशोधातून सुटले.

ओळी वर्षानुसार किंवा विभागानुसार वेगळ्या फाइलींत द्या. त्याहून बरं म्हणजे समोरच्याला विचारा, की एवढ्या ओळींचं करणार काय? बहुतेकदा त्याला बेरजाच हव्या असतात, आणि त्या क्वेरीतच होतात. खरोखर सगळ्या ओळी लागत असतील, तर एक्सेलमधल्या पॉवर क्वेरीने सीएसव्ही डेटा मॉडेलमध्ये घ्यावी. तिथे शीटची मर्यादा लागत नाही.

१३. फाइलमधली बेरीज प्रत्यक्षापेक्षा जास्त येते. डेटाबेसमध्ये रक्कम बरोबर आहे.

जॉइन. ऑर्डरच्या टेबलाला तिच्यातल्या वस्तूंचं टेबल जोडलं, की ज्या ऑर्डरमध्ये चार वस्तू तिची एकूण रक्कम चार ओळींवर येते. स्प्रेडशीटमध्ये बेरीज मारणारा ती चारदा मोजतो. यात एक्सपोर्टचा दोष नाही. ऑर्डर आणि वस्तू यांची दोन शीट द्या, किंवा एकूण रक्कम फक्त पहिल्या वस्तूच्या ओळीवर ठेवा. माझं मत दोन शीटच्या बाजूने आहे. दुसऱ्या पद्धतीत कुणी ओळी गाळल्या की गणित पुन्हा कोसळतं.

१४. मोठं टेबल काढताना प्रोग्रामची मेमरी भरून तो बंद पडतो.

कारण तो आधी पूर्ण निकाल मेमरीत घेतो आणि मग फाइल लिहायला बसतो. तुकड्यातुकड्याने वाचायला सांगा. पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरमध्ये ऑटोकमिट बंद करून फेच साइज (एका वेळी किती ओळी आणायच्या) द्यावा लागतो. एकच केलं तर फरक पडत नाही. पायथनमध्ये नाव दिलेला कर्सर वापरा. मायएसक्यूएलच्या क्लायंटला 'क्विक' पर्याय आहे. एक्सएलएसएक्स लिहिणाऱ्या लायब्ररींनाही अशीच सोय असते: ओपनपायएक्सएलमध्ये 'राइट ओन्ली', एक्सएलएसएक्सरायटरमध्ये 'कॉन्स्टंट मेमरी'. किंवा सरळ डेटाबेसचंच साधन वापरा (प्रश्न ३). त्यांपैकी '\कॉपी' किंवा बीसीपीसारख्या साधनांना हा त्रास नाही.

१५. एक्सपोर्ट चालू असताना लोक नोंदी बदलत असतात. मग फाइलमध्ये नेमकं काय येतं?

एकाच सिलेक्टमध्ये पूर्ण डेटा काढत असाल, तर पोस्टग्रेस आणि इनोडीबी तुम्हाला एका क्षणाचं चित्र देतात. अनेक टेबलं किंवा अनेक क्वेऱ्या असतील, तर त्या सगळ्या 'रिपीटेबल रीड' पातळीच्या (सगळ्या क्वेऱ्यांना एकाच क्षणाचा डेटा दिसतो अशा) एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालवा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये वेगासाठी 'नोलॉक' (इतरांचे बदल पूर्ण होण्याची वाट न पाहता वाचणं) लावायची सवय आहे. त्याने काही ओळी दोनदा येऊ शकतात, काही सुटू शकतात, आणि पुढे रद्द झालेल्या नोंदीही फाइलमध्ये दिसू शकतात. हिशेबाच्या फाइलीसाठी ते नकोच.

दुसरा सापळा म्हणजे लिमिट आणि ऑफसेट लावून पानापानाने काढणं. ऑर्डर बाय नसेल, तर डेटाबेस कोणत्याही क्रमाची हमी देत नाही. असला, तरी मधेच नवी ओळ घुसली की पुढची पानं सरकतात. ऑफसेटऐवजी "शेवटच्या आयडीनंतरच्या पुढच्या इतक्या" अशी अट लावा. ती वेगवानही असते.

१६. तारीख बरोबर, पण वेळ काही तासांनी सरकलेली. का?

सेशनचा, म्हणजे तुमच्या जोडणीचा टाइमझोन. पोस्टग्रेसचा टाइमझोनसह असलेला प्रकार आणि मायएसक्यूएलचा 'टाइमस्टॅम्प' हे दोन्ही सेशनच्या टाइमझोनमध्ये बदलून दाखवले जातात. मायएसक्यूएलचा 'डेटटाइम' बदलत नाही. त्यामुळे एकाच ओळीतला एक कॉलम सरकलेला आणि दुसरा जागेवर, असंही दिसतं. एक्सपोर्टच्या आधी सेशनचा टाइमझोन ठरवून द्या आणि तो कोणता हे कॉलमच्या नावातच लिहा. मध्यरात्रीच्या आसपासच्या नोंदींत तासांबरोबर तारीखही सरकते, म्हणून महिनाअखेरचे आकडे तपासा.

१७. लांब मजकूर मधेच तुटतो.

कुठे तुटला ते मोजा. ३२,७६७ अक्षरांवर तुटला असेल, तर ती एक्सेलच्या सेलची मर्यादा. २५६ वर असेल, तर मॅनेजमेंट स्टुडिओ निकाल मजकूर स्वरूपात देत आहे आणि तिथली कॉलमची मूळ मर्यादा तेवढीच असते. १०२४ बाइटांवर असेल, तर मायएसक्यूएलचं 'ग्रुप कॉन्कॅट'. देवनागरीत ते साडेतीनशे चिन्हांच्या आतच संपतं. 'ग्रुप कॉन्कॅट मॅक्स लेन' वाढवा.

१८. टेबलात फोटो आणि पीडीएफ साठवले आहेत. तेही सीएसव्हीत येतील का?

हेक्स किंवा बेस६४ करून येतील, पण कुणाच्याच उपयोगाचे नसतील, आणि वरची सेलची मर्यादा आहेच. छोटी स्क्रिप्ट लिहून प्रत्येक फाइल आयडीच्या नावाने फोल्डरमध्ये काढा आणि सीएसव्हीत फक्त तिचं नाव ठेवा.

१९. एक्सेल म्हणतं ही 'सिल्क' फाइल आहे आणि उघडत नाही. मी तर सीएसव्हीच दिली.

पहिल्या कॉलमचं नाव इंग्रजी मोठ्या लिपीत 'आयडी' असणार. त्या दोन अक्षरांनी सुरू होणारी मजकुराची फाइल एक्सेल 'सिल्क' नावाच्या जुन्या स्वरूपाची समजतं. अक्षरं लहान करा किंवा नाव बदला.

२०. एक्सपोर्ट केलेल्या फाइलमधून हल्ला होऊ शकतो, असं ऐकलं. खरं आहे?

खरं आहे. वेबसाइटच्या अर्जात कुणी नावाच्या जागी बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारं सूत्र भरलं, तर डेटाबेससाठी तो निरुपद्रवी मजकूर असतो. तोच सीएसव्हीतून एक्सेलमध्ये उघडला की सूत्र म्हणून वाचला जातो. अशा सूत्रातून शीटमधली माहिती बाहेरच्या पत्त्यावर पाठवता येते. अधिक, उणे आणि ॲट या चिन्हांनी सुरू होणारी मूल्यंही धोक्याची.

अशा मूल्याआधी एकेरी अवतरण लावण्याचा सल्ला दिला जातो. पण सरसकट लावलं, तर उणे रकमा आणि अधिक चिन्हाने सुरू होणारे फोन क्रमांक बिघडतात. म्हणून ते फक्त बाहेरच्या माणसांनी भरलेल्या मजकुराच्या कॉलमांना लावा, आणि यंत्राकडे जाणाऱ्या फाइलीत लावू नका. एक्सएलएसएक्समध्ये सेलचा प्रकार मजकूर असा लिहिला, तर सूत्र चालतच नाही. लायब्ररी वापरत असाल, तर बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारं मूल्य ती स्वतःहून सूत्र तर करत नाही ना, एवढं तपासा.

२१. रोज सकाळी तीच फाइल काढून द्यावी लागते. सुटका?

दोन रस्ते. वेळापत्रकावर चालणारी स्क्रिप्ट, किंवा फाइलच न देणं. एक्सेलमधून ओडीबीसीने (डेटाबेसला जोडण्याच्या प्रमाण पद्धतीने) डेटाबेसच्या एखाद्या व्ह्यूला जोडणी द्या, म्हणजे समोरचा 'रिफ्रेश' दाबून ताजा डेटा स्वतः घेईल. त्यासाठी फक्त वाचण्याचा अधिकार असलेला वेगळा वापरकर्ता करा आणि त्याला मूळ टेबलं दाखवू नका. स्क्रिप्ट करणार असाल, तर फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्या. नाहीतर कुणीतरी अर्धवट फाइल उचलून नेतं. 'सिलेक्ट स्टार' टाळून कॉलमांची नावं लिहा. उद्या टेबलात पासवर्ड हॅशचा कॉलम वाढला, तर तो नकळत बाहेर जायला नको.

२२. फाइल पूर्ण आणि बरोबर आली, हे कसं तपासू?

ओळींची संख्या जुळवा, पण लिनक्सच्या 'डब्ल्यूसी'ने नव्हे. ते ओळींचे शेवट मोजतं, आणि मूल्यांच्या आत एंटर असतील (प्रश्न १०) तर आकडा फुगतो. सीएसव्ही समजणाऱ्या साधनाने मोजा. मग एका रकमेच्या कॉलमची बेरीज, सर्वांत लहान व सर्वांत मोठी तारीख, आणि नल किती आहेत हे डेटाबेसमध्ये व फाइलमध्ये दोन्हीकडे काढा. डोळ्यांनी बघायला पहिल्या दहा ओळी घेऊ नका, त्या नेहमीच चांगल्या असतात. सर्वांत लांब शेरा, उणे रक्कम, शून्याने सुरू होणारा क्रमांक आणि इमोजी असलेलं नाव अशा ओळी शोधून बघा.

२३. समोरच्याने एक्सेलमध्ये दुरुस्त्या करून फाइल परत पाठवली. आता ती तशीच डेटाबेसमध्ये भरू का?

तशीच नको. ती एक्सेलमधून जाऊन आली आहे, म्हणजे प्रश्न ७, ८ आणि ११ मधलं सगळं तिच्यावर घडलेलं असू शकतं, त्याने हात न लावलेल्या कॉलमांतसुद्धा. शिवाय एकच कॉलम निवडून क्रम लावला असेल, तर नावं एका ओळीची आणि रकमा दुसऱ्या ओळीच्या झालेल्या असतात.

फाइल आधी वेगळ्या तात्पुरत्या टेबलात भरा, सगळे कॉलम मजकूर प्रकाराचे ठेवून. मग आयडीवर मूळ टेबलाशी जोडून फक्त बदललेली मूल्यं काढा. त्याने चाळीस दुरुस्त्या सांगितल्या आणि यादीत चार हजार निघाल्या, तर काय झालं ते तिथेच कळतं. ठरलेले कॉलम सोडून बाकी काही अपडेट करू नका, आणि ते अपडेट ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून, किती ओळी बदलल्या हा आकडा पाहूनच कमिट करा. मधल्या दिवसांत त्याच नोंदी डेटाबेसमध्येही बदलल्या असतील, तर कुणाचा बदल ठेवायचा हे तुम्ही एकट्याने ठरवू नका. म्हणून पहिल्यांदा फाइल देतानाच तिच्यात 'शेवटचा बदल' हा कॉलम ठेवा. परत आलेल्या फाइलमधली ती वेळ आणि टेबलातली आताची वेळ जुळत नसेल, तर ती ओळ बाजूला काढा आणि फाइल पाठवणाऱ्याला दाखवा.